ई-स्पोर्ट्सला पदक द्यायचं, तर आधी आवृत्ती क्रमांक लिहा

सप्टेंबर २०२३. हांगझोऊच्या आशियाई खेळांत 'स्ट्रीट फायटर ५'चं सुवर्णपदक दक्षिण कोरियाच्या किम ग्वान-वू यांनी जिंकलं. वय ४४. बातम्या झाल्या त्या वयाच्या. माझं लक्ष गेमच्या नावातल्या आकड्याकडे होतं. 'स्ट्रीट फायटर ६' त्याच वर्षी २ जूनला आला होता. ऑगस्टमधली इव्हो ही या प्रकारातली सर्वांत मोठी स्पर्धा सहावर खेळली गेली, आणि पुढच्याच महिन्यात आशियाचं पदक मात्र पाचवर दिलं गेलं. कारण अगदी कागदी होतं. हे खेळ मुळात २०२२ मध्ये व्हायचे, गेमची यादी त्याच्याही आधी ठरलेली. स्पर्धा वर्षभर पुढे ढकलली गेली, यादी होती तिथंच राहिली.

यानं किम यांच्या कौशल्यात तसूभरही उणं येत नाही. दोघंही एकाच गेमवर बसले आणि सरस होता तो जिंकला. पण व्हिडिओ गेम मोठ्या आंतरराष्ट्रीय क्रीडास्पर्धांत असावेत का, या वादाची खरी मेख इथंच आहे. लोक भांडतात ते घामावरून: खुर्चीत बसून बटणं दाबणं हा खेळ कसला? माझ्या मते तो प्रश्न फार पूर्वीच सुटला आहे. न सुटलेला प्रश्न असा की ज्या खेळाचं मैदान, चेंडू आणि नियमपुस्तक या तिन्हींवर एका कंपनीची मालकी आहे, त्या खेळाचं पदक कुणाच्या भरवशावर द्यायचं?

घामाचा मुद्दा आधी बाजूला करू. दहा मीटर एअर पिस्तुलात नेमबाज जितका हलेल तितका हरतो. तिरंदाजीत पाय जागचे हलत नाहीत. बुद्धिबळ २००६ साली दोहाच्या आशियाई खेळांत होतं, २०१० ला ग्वांगझोऊमध्ये होतं आणि हांगझोऊतही होतं. तेव्हा शरीर किती हललं हे मोजून खेळ ठरत नाही. नेमक्या वेळी, नेमकी कृती, दबावाखाली, पुन्हा पुन्हा करता येते का, हे पाहिलं जातं.

आता हे फायटिंग गेममध्ये कसं दिसतं ते जवळून पाहा. 'स्ट्रीट फायटर ६' सेकंदाला ६० फ्रेम, म्हणजे ६० चित्रं, या गतीनं चालतो. एक फ्रेम म्हणजे साधारण १६.७ मिलिसेकंद. त्यात ड्राइव्ह इम्पॅक्ट नावाचा एक जबर हल्ला आहे. बटण दाबल्यापासून तो लागायला २६ फ्रेम लागतात, म्हणजे ४३० मिलिसेकंदांच्या आसपास. त्याला सगळ्यांत सरळ उत्तर: तोच हल्ला आपणही उलट करायचा. डोळ्यांना दिसून बोट हलायला माणसाला साधारण २०० ते २५० मिलिसेकंद लागतात, म्हणजे १२ ते १५ फ्रेम तिथंच गेल्या. पडदा आणि यंत्र यांचा उशीर धरला तर आणखी तीन-चार. उरल्या सात ते अकरा. तेवढ्यात हे ओळखायचं की समोरच्यानं खरंच तो हल्ला केलाय की नुसतं आमिष दाखवलंय, आपलं पात्र या क्षणी दुसऱ्या हालचालीत अडकलंय का, आणि उत्तर देण्याइतकी ताकदीची पट्टी शिल्लक आहे का. नुसत्या ड्राइव्ह इम्पॅक्टची वाट बघत बसलात तर समोरचा शांतपणे पुढे येऊन उचलून आपटतो. लक्ष पाच गोष्टींवर विभागलेलं असताना हे जमवावं लागतं. नेमबाजीच्या पदकाला मान असेल, तर या कौशल्याला का नसावा?

शरीर झिजतंही. 'लीग ऑफ लेजेंड्स' या पाच-पाच जणांच्या संघांनी खेळायच्या गेममधला चीनचा नामांकित खेळाडू उझी २०२० मध्ये तेविसाव्या वर्षी निवृत्त झाला, कारण तब्येत. याच गेमचा आजवरचा सर्वांत मोठा खेळाडू मानला जाणारा फेकर २०२३ च्या मध्याला हाताच्या दुखण्यामुळे काही आठवडे बाहेर बसला होता. मनगट, अंगठ्याचं मूळ, मान आणि खांदा ही दुखण्याची ठरलेली ठिकाणं. संघासोबत फिजिओथेरपिस्ट असणं आता नवलाचं राहिलेलं नाही.

तर मालकीकडे येऊ.

कबड्डी १९९० पासून आशियाई खेळांत आहे. कबड्डीचा मालक कोण? कुणीच नाही. चढाई ३० सेकंदांची, हे महासंघ ठरवतो. उद्या महासंघात भांडणं झाली, दोन गट पडले, तरी मैदान आखून खेळायला कुणाची परवानगी लागत नाही. फुटबॉल, बुद्धिबळ, धावणं, सगळ्यांचं तसंच. 'लीग ऑफ लेजेंड्स' मात्र रायट गेम्स या कंपनीचा आहे, आणि रायट चीनच्या टेन्सेंट कंपनीच्या मालकीची. तसाच संघांचा गेम 'डोटा २', तो वॉल्व्ह कंपनीचा. सर्व्हर त्यांचे, पात्रं त्यांची, कोणत्या पात्राचा फटका किती जोराचा हे ठरवणारा आकडाही त्यांचाच. आंतरराष्ट्रीय ई-स्पोर्ट्स महासंघ २००८ पासून आहे, ग्लोबल ई-स्पोर्ट्स फेडरेशन २०१९ मध्ये निघालं. पण दोघांपैकी एकालाही कोणत्याही गेममधला एक आकडा बदलता येत नाही, की बदललेला आकडा थांबवता येत नाही. आंतरराष्ट्रीय महासंघ असूनही खेळाच्या नियमांवर ज्याची सत्ता नाही, अशी स्थिती दुसऱ्या कुठल्या पदकाच्या खेळात मला दिसत नाही.

याचे परिणाम एकट्या हांगझोऊतच चार प्रकारे दिसले. 'हार्थस्टोन' हा पत्त्यांचा गेम २०२१ मध्ये जाहीर झालेल्या आठ गेमच्या यादीत होता. जानेवारी २०२३ मध्ये तो बनवणारी ब्लिझार्ड आणि चीनमध्ये चालवणारी नेटईज यांचा करार संपला, तिथले सर्व्हर बंद झाले आणि हार्थस्टोन यादीतून गेला. खेळाडूंनी काही चुकीचं केलं नव्हतं. निवडीच्या तयारीत असलेल्यांचा खेळच दोन कंपन्यांच्या काडीमोडात नाहीसा झाला. मग 'फिफा ऑनलाइन ४'. गेमची कंपनी ईए आणि फुटबॉलचा जागतिक महासंघ फिफा यांची फारकत झाल्यानं स्पर्धेच्या तोंडावर त्या गेमचं नाव 'एफसी ऑनलाइन' झालं, आणि पदकही त्याच नावानं दिलं गेलं. तिसरं उदाहरण स्ट्रीट फायटरचं, ते वर आलंच.

चौथं मला सगळ्यांत जास्त खुपतं. 'पबजी मोबाइल'. हा गेम कसा खेळतात हे सांगायला नको: शंभर जण बेटावर उतरतात, एकमेकांवर गोळ्या झाडतात, शेवटी उरतो तो जिंकतो. आशियाई खेळांसाठी याची वेगळी आवृत्ती बनवली गेली. तिच्यात माणसांवर गोळी चालवायची नाही, गाड्या पळवत मार्ग कापायचा आणि वाटेत लावलेल्या लक्ष्यांवर नेम धरायचा. हिंसा नको, हे मी समजू शकतो. पण मग तो खेळ पबजी राहिला का? मूळ गेममधलं कसब म्हणजे शत्रू कुठे दडलाय याचा अंदाज, आकसत जाणाऱ्या वर्तुळात जागा कधी पकडायची, चार जणांनी गोळीबार कसा वाटून घ्यायचा. यातलं बरंचसं वजा झालं आणि राहिली ती अडथळ्यांची शर्यत. वर्षानुवर्षं एका खेळाचा सराव केलेल्यांना पदकासाठी दुसराच खेळ शिकावा लागला. माझं म्हणणं स्पष्ट आहे: एखादा गेम आहे तसा मान्य नसेल तर घेऊच नका. नाव प्रसिद्ध म्हणून घ्यायचा आणि आतून पोखरायचा, हे खेळाडूंवरही अन्याय करतं आणि प्रेक्षकांनाही फसवतं.

ऑलिम्पिक समितीनं दुसऱ्या टोकानं हीच चूक केली. २०२१ ची ऑलिम्पिक व्हर्च्युअल सिरीज आणि २०२३ मध्ये सिंगापूरला झालेली ऑलिम्पिक ई-स्पोर्ट्स सिरीज, दोन्हींत गेम निवडले ते आधीपासून ऑलिम्पिक चळवळीत असलेल्या महासंघांच्या दारातून. तिरंदाजी महासंघाकडून आला 'टिक टॅक बो', फुल्ली-गोळ्याच्या चौकटीवर बाण मारायचा मोबाइल गेम. टेनिसकडून 'टेनिस क्लॅश'. नेमबाजीसाठी 'फोर्टनाइट'मध्ये लक्ष्यभेदाचं खास बेट बांधलं. जिथं दहा-पंधरा वर्षांची स्पर्धापरंपरा आहे, हजारोंनी लोक आयुष्य घालतात, ते गेम बाहेर. जिथं स्पर्धा म्हणावी अशी फारशी नव्हतीच, ते आत. त्या यादीत 'झ्विफ्ट'वरची सायकलिंग मात्र मनापासून पटली. खरी सायकल, खरे पाय, फक्त रस्ता पडद्यावर. ती वेगळ्या वर्गात बसते आणि त्या वर्गाला ऑलिम्पिकमध्ये जागा मिळायला हरकत घ्यावी असं मला तरी काही दिसत नाही.

पुढचा प्रवास थोडक्यात: जुलै २०२४ मध्ये पॅरिसच्या अधिवेशनात ऑलिम्पिक ई-स्पोर्ट्स गेम्स सुरू करायचं ठरलं, सौदी अरेबियाच्या ऑलिम्पिक समितीशी १२ वर्षांचा करार झाला, आधी २०२५ म्हटलं गेलं, नंतर २०२७ आणि रियाध. ऑक्टोबर २०२५ मध्ये दोन्ही बाजूंनी करार संपवला. पाया न घालता कळस चढवायला गेलं की असं होतं.

पाया म्हणजे काय, ते आता नीट सांगतो. कारण हे करता येण्यासारखं आहे.

पहिली गोष्ट आवृत्ती. 'लीग ऑफ लेजेंड्स'मध्ये साधारण दर दोन आठवड्यांनी पॅच, म्हणजे गेममध्ये बदल करणारा अपडेट, येतो. १६० हून अधिक पात्रं, त्यातल्या काहींचे आकडे दर वेळी बदलतात. समजा एका पात्राची मुख्य शक्ती पुन्हा वापरण्याचा अवधी ८ सेकंदांवरून १० झाला. वाचायला क्षुल्लक वाटतं. पण एखाद्या संघाची अख्खी चाल त्या आठव्या सेकंदावर उभी असते: पहिला हल्ला, माघार, शक्ती परत आली की लगेच दुसरा हल्ला, तोवर समोरच्याची बचावाची शक्ती परतलेली नसते. दोन सेकंद वाढले आणि समोरच्याची ढाल परत आली. तीन महिन्यांचा सराव पाण्यात. निवडीच्या फेरीत दोन्ही संघ मिळून दहा पात्रं बाद करतात आणि दहा उचलतात. तिथलं सगळं गणित या आकड्यांवर चालतं. म्हणून स्पर्धेआधी आवृत्ती गोठवायला हवी. ९० दिवस आधी, असं मी म्हणेन. क्लबांच्या स्पर्धांत कंपनी स्वतःच आयोजक असते, त्यामुळे ती थोडे आठवडे आधी ठरवून निभावते. राष्ट्रीय संघ मात्र वेगवेगळ्या क्लबांतून गोळा होतात आणि एकत्र सराव मोजकाच मिळतो. त्यांना जास्त मुदत लागते.

गोठवणं नुसतं जाहीर करून भागत नाही. रोजचे सर्व्हर नव्या पॅचवर पुढे जातात आणि जुन्या आवृत्तीवर सराव करायला वेगळा सर्व्हर लागतो. त्याची खाती कुणाला मिळणार? कंपनीशी घसट असलेल्या देशांना पहिल्या दिवशी आणि बाकीच्यांना शेवटच्या आठवड्यात, असं झालं तर स्पर्धा सुरू होण्यापूर्वीच निकाल झुकला. सगळ्या देशांना एकाच दिवशी, सारख्या संख्येनं आणि फुकट खाती मिळतील, ही अट करारात हवी. आणि प्रत्यक्ष स्पर्धेसाठी इंटरनेटशिवाय चालणारी प्रत हवी. ती आयोजकांच्या ताब्यात, सीलबंद, तिची डिजिटल खूण सगळ्या संघांना आधीच कळवलेली. सामन्याच्या सकाळी पंचांनी ती खूण जुळवून पाहायची. जुळली नाही तर सामना नाही. ज्या कंपनीला हे मान्य नाही तिचा गेम यादीत घेऊ नये, मग तो कितीही लोकप्रिय असो. हांगझोऊचे खेळ चालू असतानाच, २७ सप्टेंबर २०२३ ला, वॉल्व्हनं 'काउंटर-स्ट्राइक ग्लोबल ऑफेन्सिव्ह' या बंदुकांच्या गेमच्या जागी 'काउंटर-स्ट्राइक २' बसवला. तो गेम पदकाच्या यादीत नव्हता म्हणून बरं.

गोठवलेल्या प्रतीतही बग, म्हणजे प्रोग्रॅममधली चूक, निघतो, हेही गृहीत धरावं लागतं. त्यासाठी नियम सोपा ठेवावा: बग स्पर्धेआधी कळला तर ते पात्र किंवा ती वस्तू सगळ्यांसाठी बंद. सामन्यात निघाला तर खेळ थांबवायचा, बगाआधीच्या क्षणाला गेम मागे न्यायचा आणि तिथून पुढे चालू. 'लीग ऑफ लेजेंड्स'मध्ये क्रोनोब्रेक नावाची हीच सोय आहे, 'काउंटर-स्ट्राइक'मध्ये फेरीच्या सुरुवातीची प्रत आपोआप जतन होते. फायटिंग गेममध्ये असं मागे जाता येत नाही, तिथं फेरी पुन्हा खेळवावी लागते. ज्या गेममध्ये यापैकी काहीच शक्य नाही, तिथं पंचाचा निर्णय म्हणजे अंदाज.

दुसरी गोष्ट सभागृहातली. लोकांना वाटतं दोन यंत्रं मांडली की झालं. सामन्याआधीची अर्धी लढाई तपासणीची असते. पीसीच्या गेममध्ये खेळाडू स्वतःचा माउस आणि कीबोर्ड आणतो. पंचानं ते घेऊन यूएसबीतून जोडायचे, माउसच्या अंतर्गत स्मृतीत मॅक्रो (एका बटणात भरलेल्या अनेक कृती) नाही हे पाहायचं, उपकरण चालवणारं सॉफ्टवेअर म्हणजे ड्रायव्हर आयोजकांच्याच प्रतीतून टाकायचा, पेन ड्राइव्हवरून नाही. खेळाडूच्या सेटिंग्जची फाइल आधीच मागवून, तपासून, सर्व्हरवर ठेवायची. मोबाइल फोन, स्मार्ट घड्याळ बाहेर. मग खेळाडूला बसायला वीस ते तीस मिनिटं द्यायची. ही वेळ चैनीची नव्हे. खुर्चीची उंची, पडद्याचं डोळ्यांपासूनचं अंतर, कीबोर्डचा कोन यावर हाताची सवय ठरलेली असते, कित्येक जण टेपनं अंतर मोजतात. सगळे पडदे एकाच मॉडेलचे हवेत. २४० हर्ट्झचा पडदा दर ४.२ मिलिसेकंदांनी चित्र बदलतो, ६० हर्ट्झचा १६.७ नी. एका टेबलावर हा आणि दुसऱ्यावर तो, असं झालं तर पळण्याच्या शर्यतीत एकाची रेघ पुढे आखल्यासारखंच.

आवाजाचं तर वेगळंच शास्त्र. कानात खोल बसणाऱ्या इअरफोनमधून गेमचा आवाज, त्यावर कान झाकणारा मोठा हेडसेट आणि त्यातून एकसुरी घरघर. कारण समालोचक जोरात ओरडला किंवा प्रेक्षकांनी श्वास रोखला, तरी खेळाडूला कळतं की शत्रू भिंतीपलीकडे आहे. प्रेक्षकांना दोन्ही बाजू दिसतात, खेळाडूला एकच. बुद्धिबळात ही अडचण नाही, पट सगळ्यांना सारखाच दिसतो. ज्या गेममध्ये लपणं हा खेळाचा भाग आहे, तिथं घरघरीशिवाय खेळवलेला सामना मी सामना धरणार नाही.

फायटिंग गेममधला एक अपघात तर या क्षेत्रात सगळ्यांना पाठ आहे. खेळाडू सामना संपवून आपला वायरलेस कंट्रोलर पिशवीत टाकून निघून जातो. कंट्रोलर अजून त्या कन्सोलशी जोडलेलाच असतो. पुढच्या जोडीचा सामना रंगात आलेला असताना पिशवीत बटण दाबलं जातं आणि पडद्यावर पॉज येतो. सामना थांबला, लय गेली, आणि नियमानुसार पॉज ज्याच्याकडून झाला त्याची फेरी जाते. इथं मात्र दोघांपैकी कुणाचाच दोष नसतो. उपाय दोन मिनिटांचा आहे: फक्त वायरचे कंट्रोलर, कन्सोलची ब्लूटूथ यादी प्रत्येक सामन्यानंतर रिकामी, आणि गेममध्ये पॉजचं बटण निकामी करण्याची सोय असेल तर ती चालू. मोठ्या क्रीडास्पर्धेतले पंच इतर खेळांतून आलेले असतील तर त्यांना हे माहीत नसतं. म्हणून ई-स्पोर्ट्सचे पंच त्या-त्या गेमच्या समुदायातूनच घ्यावेत, यावर मी ठाम आहे.

मोबाइलचे गेम सोपे वाटतात, पण सांभाळायला तेच अवघड. फोन तापला की प्रोसेसर आपोआप मंदावतो, फ्रेम गळतात, पडद्याचा उजेडही उतरतो. चार्जिंग लावून खेळलं तर आणखी लवकर तापतो. म्हणून पूर्ण चार्ज केलेले, एकाच मॉडेलचे, एकाच सॉफ्टवेअर आवृत्तीचे फोन आयोजकांनीच द्यायचे, दोन सामन्यांमध्ये फोन बदलायचे आणि तापलेले थंड व्हायला ठेवायचे. नेटसाठी वायफायवर विसंबू नये. हजारो प्रेक्षकांचे फोन सभागृहात असताना हवेत जागाच उरत नाही. यूएसबी-सीमधून इथरनेटची वायर लावली की पिंग, म्हणजे सर्व्हरपर्यंत जाण्या-येण्याचा वेळ, स्थिर राहतो. हे सगळं ठाऊक असूनही जो आयोजक वायफायवर पदकाचा सामना लावतो, त्याला लॅगची, म्हणजे नेट रेंगाळल्याची, सबब सांगायचा अधिकार नाही.

फसवणुकीबद्दल बोलायलाच हवं. २०२० मध्ये 'काउंटर-स्ट्राइक'च्या ३७ प्रशिक्षकांवर बंदी आली. गेममध्ये एक बग होता, त्यामुळे प्रशिक्षकाचा कॅमेरा नकाशावर नको तिथं अडकून राहायचा आणि शत्रूच्या हालचाली दिसायच्या. बग गेमचा होता, पण तो न कळवता वापरणं माणसांचं होतं. अगदी अलीकडचं उदाहरण कीबोर्डचं. डावीकडे पळताना उजवीकडचं बटण दाबलं की डावं आपोआप सुटलं असं मानणारे कीबोर्ड आले. थांबून नेम धरायचं जे कसब बोटांनी वर्षानुवर्षं कमवायचं, ते यंत्र करू लागलं. ऑगस्ट २०२४ मध्ये वॉल्व्हनं आपल्या सर्व्हरवर अशा स्वयंचलित सोयींना मनाई केली. योग्यच केलं. वेग वाढवणाऱ्या पोहण्याच्या पोशाखांवर बंदी आली, तेच हे, उपकरणाला मर्यादा आखावीच लागते. उत्तेजकांची चाचणीही नवी नाही, २०१५ मध्ये कोलोनच्या एका मोठ्या स्पर्धेत ती झाली. इथं संशय असतो तो एकाग्रता वाढवणाऱ्या औषधांचा, आणि काहींना ती वैद्यकीय कारणानं खरंच लागतात. त्यासाठी इतर खेळांसारखीच आधी परवानगी घेण्याची पद्धत पुरते.

हिंसेच्या मुद्द्यावर माझं मत थोडं वेगळं आहे. मुष्टियुद्धात खरं नाक फुटतं आणि ते ऑलिम्पिकमध्ये आहे. तेव्हा पडद्यावर दोन पात्रं गुद्दागुद्दी करतात म्हणून फायटिंग गेम नाकारणं पटत नाही. पण खऱ्या जगातली वाटावी अशी बंदूक, दहशतवादी आणि बॉम्ब, हे जिथं आहे तो गेम राष्ट्रध्वजांखाली खेळवू नये, असं मलाही वाटतं. युद्धात असलेले दोन देश समोरासमोर आले तर तो सामना कसा दिसेल, एवढा विचार केला तरी पुरे.

महिलांचा प्रश्न मात्र कुणी टाळू नये. बहुतेक गेममध्ये गट खुला असतो, स्त्री-पुरुष एकत्र खेळू शकतात, नियम आड येत नाही. तरी पदकाच्या संघांत स्त्रिया जवळपास दिसतच नाहीत. पॅरिस २०२४ मध्ये ऑलिम्पिकनं स्त्री-पुरुषांना जागा समसमान दिल्या. ई-स्पोर्ट्सला त्या दारात उभं राहायचं असेल तर 'आमचा गट सगळ्यांना खुला आहे' हे उत्तर अपुरं आहे. २०२२ मध्ये बर्मिंगहॅमला राष्ट्रकुल ई-स्पोर्ट्स स्पर्धेत खुला आणि महिला असे दोन गट ठेवले होते. तूर्त हीच वाट बरी.

वेळापत्रकही डोळ्यांत भरण्याजोगी अडचण आहे. 'लीग ऑफ लेजेंड्स'ची जागतिक स्पर्धा ऑक्टोबरच्या आसपास सुरू होते, आशियाई खेळ त्याच्या ऐन तोंडावर. २०२३ मध्ये कोरियाचे खेळाडू आले, कारण तिथं आशियाई सुवर्णपदक म्हणजे दीड वर्षाच्या सक्तीच्या लष्करी सेवेतून सूट. फेकर तापानं आजारी होता, अंतिम सामना त्याच्या जागी संघातला चोवी खेळला, कोरियानं सुवर्ण जिंकलं. इतर देशांत अशी ओढ नसते, आणि पैशाची तर नाहीच. 'डोटा २'च्या २०२१ च्या जागतिक स्पर्धेत बक्षिसांची एकूण रक्कम ४ कोटी डॉलर होती. अशा खेळाडूला पदकासाठी आणायचं तर पदकाच्या स्पर्धेचा दर्जा त्याच्या रोजच्या स्पर्धेपेक्षा कमी असून चालणार नाही.

तेव्हा माझं उत्तर असं. आशियाई खेळांसारख्या ठिकाणी ई-स्पोर्ट्सची जागा आहे. २००७ च्या मकाऊच्या आशियाई इनडोअर खेळांपासून पदकं दिली जात आहेत, २०१८ मध्ये जकार्ताला प्रदर्शनीय म्हणून आणि हांगझोऊत पूर्ण पदकांसह ती वाढत आली. त्यांना मागे घ्यायचं कारण नाही. उन्हाळी ऑलिम्पिकच्या मुख्य कार्यक्रमात मात्र आत्ता नको. निवड करायचीच तर फायटिंग गेमपासून करा: सामना पाच-दहा मिनिटांत संपतो, दोनच माणसं, पडदा दोघांना आणि प्रेक्षकांना सारखाच दिसतो, नवख्यालाही कोण हरतंय ते पडद्यावरच्या जीवाच्या पट्टीवरून कळतं आणि इंटरनेटशिवाय खेळवता येतो. मोटार शर्यती दुसऱ्या क्रमांकावर. पाच-पाच जणांचे मोठे गेम तिसऱ्या, तेही वरचा करार झाल्यावरच.

सप्टेंबर २०२६ मध्ये आयची-नागोयाच्या आशियाई खेळांतही ई-स्पोर्ट्सला पदकं आहेत. तिथली नियमपुस्तिका हातात आली की मी आधी प्रत्येक गेमच्या नावासमोर आवृत्ती क्रमांक छापलाय का ते शोधणार आहे, आणि मग बग निघाल्यास काय करायचं ते पान.